हैबतरावांची रोहा-दर्शन गाडी

हैबतराव कंडक्टर एसटीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी रोह्यालगतच्या अष्टमी गावाच्या नाक्यावर माझ्या सहा सीटच्या मिनिडोर रिक्षापाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, कुठंतरी जायचं असेल. "बसा काका," म्हटलं. बसले नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवरची धूळ रुमालाने झटकली आणि रस्त्यावर उभे राहून ओरडायला लागले, "चला, रोहा ठेसन, रोहा ठेसन, दोन सीट!" दोन माणसं आलीसुद्धा. काकांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि मी निमूटपणे गाडी काढली. मस्कतला दुसऱ्याच्या गाड्या हाकून हाकून विटलो, कुणाचा हुकूम नको म्हणून स्वतःची गाडी घेतली, आणि हा हुकूम आपल्या पायांनी चालत माझ्याकडे आला.

काका आमच्या मागच्याच आळीतले. त्यांना कधी कुणी घरात बसलेलं पाहिलं नाही. सगळी नोकरी रोहा-पेण आणि रोहा-मुरूड या रस्त्यांवर काढली. तिकिटं फाडून झाली की दाराशी उभे राहून ते पाहुण्या माणसांना मुलूख दाखवायचे. "तो अवचितगड. वर पान्याची टाकी हायत, उन्हाळ्यात पन आटत नाय." "तो घोसाळगड, पायरीपायरीनं चढायचं." "कुड्याची लेनी इथून आत, खाडी अशी समोर दिसते." लोक माना वळवून वळवून बघायचे. पेणला गणपतींचे कारखाने आले की काका मूर्तीच्या मापापासून रंगापर्यंत सगळं सांगायचे. मीही लहानपणी त्यांच्या गाडीत हे ऐकलं होतं आणि मला ते फार मोठे माणूस वाटायचे.

त्यांचं म्हणणं असं, की मुंबई-पुण्याची माणसं आता कोलाडला बोटीत बसायला येतात, त्यांना बाकीचा मुलूख कुणी दाखवत नाही. आपण दाखवू. माझ्या गाडीच्या काचेवर त्यांनी रंगाऱ्याकडून लिहून घेतलं: रोहा दर्शन. मला विचारलंही नाही.

पहिल्या फेरीलाच माझ्या लक्षात आलं, की हा माणूस यातल्या एकाही ठिकाणी कधी उतरलेला नाही. सगळं खिडकीतून पाहिलेलं आणि प्रवाशांकडून ऐकलेलं! अवचितगडाच्या पायथ्याशी त्यांनी पाहुण्यांना अशा झोकात पायवाट दाखवली की ती मंडळी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात जाऊन पोचली. पण चूक झाली म्हणून काका थांबतील तर ना! गाडी थांबली की त्यांच्या जिवाची उलघाल सुरू. पेणला एका कारखान्यात म्हातारे मूर्तिकार आखणी करत होते, म्हणजे गणपतीचे डोळे रेखत होते. श्वास रोखून कुंचला चाललेला, पाहुणेही श्वास रोखून उभे. काका दारात हजर. "चला, झालं का? पुढं लेट होतंय." कशाला लेट, कुणाला लेट, विचारायची सोय नाही. आम्ही तिथून निघालो तेव्हा त्या गणपतीचा एकच डोळा उघडला होता.

मी चिडायचो. बिल्किसजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, बडबड करायचो. ती म्हणायची, "तुला दिवसभर सोसवत नाही, विमलकाकीने जन्म काढला."

विमलकाकी म्हणजे हैबतरावांची बायको. शांत बाई. नवरा नोकरीत असताना वस्तीची गाडी असली की रात्रही बाहेर. तिने एकटीने मुलगा वाढवला, रघू, तो आता पनवेलला असतो. काका निवृत्त झाले की दोघं ओटीवर बसू, चार गोष्टी बोलू, एवढीच तिची आशा होती. ती काही पुरी होईना. एका दुपारी ती आमच्याकडे आली आणि बिल्किसला म्हणाली, "बिल्किस गो, नोकरीत होते तवा मी म्हनायची, गाडी नेते त्यांना. आता गाडी नाय, तरी जातातच. म्हंजे गाडीचा काय दोष नव्हता." रघू कायमची ये म्हणून मागे लागला होता. रोह्याचं ग्रामदैवत असलेल्या धावीर महाराजांची पालखी दसऱ्यानंतर दाराशी येऊन गेली की जायचं, असं तिच्या मनात होतं.

काकांना हे कळलं तेव्हा ते मला कुंडलिका नदीच्या पुलावर भेटले. पुलावरसुद्धा या कठड्यावरून त्या कठड्याकडे चालत होते. मी मधे उभा राहून ऐकत होतो.

"अस्लम, ती जाते म्हनते. कायमची."

"मग थांबवा ना."

"कशी थांबवू? भांडली असती तर समजूत काढली असती. ती भांडतच नाय." मग म्हणाले, "एक मागितलंय तिनं. कुड्याची लेनी दाखवा म्हनली. मी कधी तरी जेवताना सांगितलं होतं, एक गोरा मानूस माझ्या गाडीतनं उतरला नि दिवसभर तिथं नुसता बसून राहिला. तिच्या ते ध्यानात ऱ्हायलं. तिथं बसून बघायचंय, म्हनते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काय मागितलं बघ तिनं. तिचं मन तिथं रमलं तर थांबंल. थांबंल ना रे?"

माझा राग तिथल्या तिथे गेला. "उद्याच जाऊ," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गाडी धुऊन पुसून त्यांच्या दारात नेली. काकी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या घेऊन बाहेर आली. ती मागे एकटी बसली. काका माझ्या शेजारी. स्टेशनपाशी आलो तर म्हणतात, "जरा थांब." पेणहून गाडी आलेली होती. खाली उतरले आणि "रोहा दर्शन, कुडा लेनी!" करून पाच माणसं घेऊन आले. एक मास्तर, त्यांची बायको आणि कॉलेजची तीन पोरं.

"काका, आज पण?" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"पाच सीट रिकाम्या न्यायच्या? गाडी वाटंला लागते का अशी?" ते खरोखरच चकित झाले होते. "तू काळजी करू नको. आज मी घाई करनार नाय."

काकी सरकून बसली.

आणि खरंच, त्या दिवशी काकांनी कमाल केली. घोसाळ्याला पोरं गड बघत रेंगाळली, तरी ओरडले नाहीत. नुसते गाडीचे टायर बघत फिरत होते. कुड्याला पोचल्यावर काकीला हाताला धरून पायऱ्या चढवल्या. पाठोपाठ मीही गेलो. भाताची शेतं पिवळी व्हायला लागली होती, त्यांच्यापलीकडे खाडी. काकी एका लेण्याच्या ओटीवर बसली आणि तिने पदराने तोंड पुसलं. "किती बरं वाटतंय," म्हणाली. काका शेजारी बसले. मी स्वतः पाहिलं, बसले. पण पाय हलत होता. मग मान हलायला लागली. "मी जरा बघून येतो, मास्तर कुठं ऱ्हायले," म्हणाले आणि उठले. काकीने मान वळवूनही पाहिलं नाही.

मी खाली येऊन गाडीत बसलो. थोड्या वेळाने मास्तर आले, पोरं आली. काका रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. इतक्यात गावातला महिपती म्हणून एक माणूस काकड्यांची गोणी घेऊन आला. "रोह्याला जाता काय?" काकांचा चेहरा उजळला. "चला, चला, एक सीट हाय!" गोणी टपावर चढवली, महिपतीला आत बसवलं, मागे वाकून बोट नाचवत माणसं मोजली. सहा. गाडी भरली. पत्र्यावर दोन थापा. मी मागे पाहत नाही. कंडक्टरची थाप पडली की ड्रायव्हरने गाडी काढायची, ही शिस्त त्यांनीच मला लावली होती.

वाटेत काका इतके खुशीत की काय सांगू. "बघितलंस? एकदा तरी तिला ऊठ म्हनलो? मागनं आवाज पन नाय, समाधान झालं बघ तिचं. अस्लम, ती जात नाय आता."

घोसाळ्याला आम्ही चहाला थांबलो. काकांनी पहिला कप स्वतः उचलला, सांडू नये म्हणून बशीने झाकला आणि जपत जपत गाडीच्या मागे नेला. "विमल, घे गो. गरम हाय."

आतून महिपतीने हात पुढे केला आणि कप घेतला.

काका कपाकडे बघत राहिले. मग एकेका तोंडाकडे. मास्तरांची बायको घाबरून म्हणाली, "अहो, आम्हाला वाटलं त्या बाई तिथल्याच. तुम्ही त्यांच्याकडून पैसे नव्हते घेतले ना." मी सगळ्यांना खाली उतरवलं. पोरं कुरकुरली, त्यांच्यावर मी असा खेकसलो की गप्प झाली. गाडी वळवली. सबंध रस्ताभर काका एकच बोलत होते, "बसवली मीच दुसऱ्याला. तिच्या जाग्यावर मीच बसवला."

ऊन उतरलं होतं. काका पायऱ्या धावत चढले, मधे एकदा पडले. काकी जिथे होती तिथेच बसली होती. शेजारी डबा उघडा, एक भाकर खाल्लेली.

"विमल! घाबरलीस गो?"

"घाबरायला काय झालं?" ती शांतपणे म्हणाली. "तुमच्याबिगर बसायची सवय हाय मला."

काका धपकन तिच्यासमोर पायरीवर बसले. तिने डबा मिटला.

"गाडी सुटताना दिसली मला इथनं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नाय मारली. म्हटलं बघू, कुठवर जातात." मग तिने विचारलं, "कुठवर गेलात?"

"घोसाळ्यापर्यंत."

"लांब गेलात मग," ती म्हणाली. तिचा स्वर रागाचा नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि पाय निघत नव्हते.

"रघूला फोन करा," ती म्हणाली. "पालखी झाली की न्यायला ये म्हनावं."

काकांनी खाली बघत विचारलं, "मी पन येऊ?"

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले, ते तिने पुसले नाहीत.

"या की. तुमच्या लेकाचं घर हाय," ती म्हणाली. "पन मी घर सोडून जाते ती कुनीतरी माझ्यापाशी बसावं म्हनून. बसवंल तुमाला?"

काकांना खोटं बोलता आलं असतं, पण ते बोलले नाहीत. काकी डबा पिशवीत घालून उठली आणि एकेक पायरी जपून उतरायला लागली. काका तिथेच बसून होते. मी दोनदा हाक मारली, तरी उठले नाहीत.