जुन्या गेममधला दुसरा गडी

माझ्या गेम कन्सोलच्या सबस्क्रिप्शनमध्ये जुन्या गेम्सचा एक कप्पा होता. त्यातल्या निवडीवर माझा धाकटा भाऊ सतत नाक मुरडायचा. "ताई, कोण निवडतं गं हे? आपलं काहीच नाहीये यात." आपलं म्हणजे लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो त्या नकली कॅसेटवरचं. वर हजारो गेम्स लिहिलेले आणि आत तेच ते सात-आठ, नावं बदलून. खरी नावं आम्हाला कधी कळलीच नव्हती, त्यामुळे एकेक उघडून बघावा लागे. तसं उघडता उघडता एक ओळखीचा सापडला. दोन गडी कडा चढतात. जो वर जातो त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो.

मी नेदरलँड्समध्ये टिलबर्गला, भाऊ पुण्यात आईबाबांसोबत. महामारीत मी घरून काम करायचे. माझं काम आटोपत आलं की पुण्यात संध्याकाळ झालेली असायची, आणि तेव्हा आम्ही ऑनलाइन खेळायचो. तो माकडासारखा वर पळायचा आणि मी खाली मरायचे. लहानपणी यावरून मी त्याला बडवलं होतं. मोठेपणीही फारसा फरक पडला नव्हता, फक्त बडवायला तो हाताशी नव्हता.

दुसऱ्या लाटेत त्याला कोविड झाला. आईने फोनवर सांगितलं, "अगं, थोडा ताप आहे. मागच्या खोलीत ठेवलाय. ठीक आहे तो." मी त्याला फोन लावला तर उचलला नाही. मग त्याच्या नंबरवरून मेसेज आला, 'घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय. खेळायला ये.'

आमच्या घरात परदेशातल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही असा नियम आहे. काकांचं ऑपरेशन झालेलं मला टाके निघाल्यावर कळलं. तिथे बसून ती काय करणार, उगाच जिवाला घोर, असं म्हणून सगळे मिळून गप्प बसतात आणि त्याला माया म्हणतात. मला या मायेचा भयंकर राग येतो. त्यात भारतातून येणारी विमानं बंद झाली होती. एकदा गेले असते तर परत कधी येता आलं असतं कोण जाणे. खिडकीखाली शेजारी खुर्च्या टाकून उन्हात बसले होते. त्यांचाही राग आला.

दुपारी मी खेळायला बसले. भावाचं नाव पडद्यावर हिरवं झालं आणि मला हायसं वाटलं. खेळतोय म्हणजे बरा आहे. पण त्याचा गडी पहिल्याच खड्ड्यात पडला. मग पुन्हा पडला. मी लिहिलं, 'झोप काढ, नंतर खेळू.' उत्तर आलं, 'नेट स्लो आहे.'

सॉफ्टवेअरच्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. नेट अडखळलं की गडी जागीच गोठतो आणि मग एकदम उडी मारून पुढे दिसतो. हा गडी गोठत नव्हता. तो खड्ड्यापाशी येऊन थांबत होता, दोन पावलं मागे जात होता, परत येत होता. मधेच मेन्यू उघडत होता, बंद होत होता. अशी चुकीची बटणं तापाने फणफणलेला माणूस नाही दाबत. ती दाबतो हातात पहिल्यांदाच रिमोट आलेला माणूस. माझ्या मनात पाल चुकचुकली.

खात्री करायला मी मुद्दाम कड्याच्या मध्यावर थांबले. तो माझ्या वरच्या पायरीवर होता. वर जायला रस्ता मोकळा होता. तो गेला नाही. माझ्यासाठी थांबून राहिला.

माझा भाऊ माझ्यासाठी थांबला नसता. शुद्धीत असता तर नक्कीच नाही.

आईने तर रिमोटला हातही लावला नसता. मी माइक चालू केला. "बाबा," मी म्हटलं, "तुम्ही आहात ना?"

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला आणि बाबा म्हणाले, "कसं कळलं तुला?"

याच माणसाने लहानपणी टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते म्हणून आमच्या खेळाची वायर काढून कपाटात ठेवली होती.

"तो कुठे आहे, बाबा?"

"हॉस्पिटलमध्ये. ऑक्सिजनवर. नेताना म्हणाला, ताई रोज येते, मी दिसलो नाही तर तिला संशय येईल. मला बटणं दाखवून गेला. फोनही माझ्याकडेच ठेवून गेला. मला जमत नाहीये गं हे."

मला ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही, कारण मी रडत होते आणि तेही रडत होते. त्यांना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं. हॉस्पिटलमधून याच सुमारास फोन येणार आहे, असं त्यांनी सांगितलं. आज व्हेंटिलेटरचं मशीन लावायचं की नाही ते ठरणार होतं.

"मी थांबते," मी म्हटलं. "पण बाबा, ते जे सांगतील तेच मला सांगायचं. आईला सांगता ते नाही."

दोघे गडी कड्यावर उभे होते. खेळाचं तेच तेच संगीत वाजत होतं आणि आवाज कमी करायचंही कुणाला सुचत नव्हतं. मग तिकडे फोन वाजला. बाबांचं "हो... हो... बरं... हो" ऐकू येत राहिलं. त्यावरून काही कळेना. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं. फोन ठेवल्याचा आवाज आला.

भाऊ पुढे महिन्याभराने काठी टेकत घरी आला. आज लिहिताना ते मला ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं.

"काय म्हणाले, बाबा?"

"ठीक आहे," ते म्हणाले.

मी माझा गडी होता तिथेच उभा ठेवला.

"नाही," ते म्हणाले. "ठीक नाही. ऑक्सिजन खाली गेलाय. उद्या सकाळी मशीन लावतील. घाबरलाय, म्हणाले."

तरी पाय कुठेतरी टेकले, कारण कित्येक वर्षांत त्या घरातून मला पहिल्यांदाच खरं ऐकायला मिळालं होतं.

"बरं झालं सांगितलंत," मी म्हटलं. "आता आईला बोलवा. तिलाही सांगू."