रंगावर जायचं नाही!

स्टुलावर चढलेल्या माणसाला कान नसतात, अशी जबलपूरच्या आमच्या मराठी सर्कलची पक्की समजूत आहे. तुमचं डोकं छताला, दातांत स्क्रू, दोन्ही हात वर. खाली घरचे लोक बिनधास्त बोलत असतात. सुनेबद्दल, पेन्शनबद्दल आणि तुमच्याबद्दलसुद्धा! "अमक्याचा मुलगा ना हा? कॉलेज सोडून पंखे लावून राहिला आता." मी ऐकतो, स्क्रू पिळतो. किस्से असेच साठतात.

तर हो, इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. दोन वर्षांत तिथल्या एकाही सरांना मी साधा होल्डर उघडताना पाहिलं नाही. बाबा इथल्या सरकारी फॅक्टरीतले रिटायर्ड ऑफिसर. त्यांनी ऑर्डर काढली, "सहा महिने देतो. त्यात हे वायरिंगचं काम येतं असं मला दिसलं तर ठीक. नाही तर गुपचूप कॉलेजात परत!"

मग मी बावणे काकांना धरलं. काका त्याच फॅक्टरीत अडतीस वर्षं वायरमन होते. त्यांच्या हातून एकही चुकीची जोडणी झाली नाही, असं त्यांना न आवडणारी माणसंही सांगतात. आता वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. मी वर चढतो, ते खाली स्टूल धरतात आणि सांगतात. सध्या सगळ्यांना लाइटवाला पंखा हवाय. मधे दिवा, भोवती पाती. त्यामुळे काम भरपूर.

*

पहिलाच पंखा पेंडसे साहेबांचा. साहेबांनी तो स्वतः लावला होता. का, तर डिग्री! पंखा पाचवर असला की दिवा लख्ख. दोनवर आणला की दिवा मलूल. पंखा बंद की दिवाही बंद!

"डिझाइनच तसं आहे," साहेब म्हणाले. "एनर्जी सेव्हिंग."

काकांनी मान वर केली आणि आवाज मऊ ठेवून म्हणाले, "साहेब, पंख्याची वायर रेग्युलेटरमधून येते, दिव्याची वेगळ्या बटणावरून. तुम्ही दोघांना एकाच वायरीवर बसवलं."

पेंडसे काकू स्वयंपाकघराच्या दारातून हळूच म्हणाल्या, "म्हणजे दोन हिवाळे मी स्वेटर घालून, पंखा पाचवर ठेवून तांदूळ निवडून राहिले, ते काहून?"

*

खोत काका फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. टेस्ट केल्याशिवाय ते चहासुद्धा पीत नाहीत. म्हणाले, "लाइटवाला पंखा जड. आधी हुकाची टेस्ट!" आणि छताच्या हुकाला चाळीस किलो गव्हाचं पोतं टांगलं. चोवीस तास! पोत्याखालून जायला घरात सगळ्यांना मनाई. वहीत वेळ लिहून सही. मी बाहेर जाऊन पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो, खोत काकांनी घड्याळ पाहिलं आणि नेमकी तेव्हाच पोत्याची शिवण उसवली. हॉलभर गहू! सोफ्यावर, टीव्हीमागे, माझ्या बुटांत.

खोत काका जागचे हलले नाहीत. वही उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "हुक पास. पोतं फेल."

*

नेपियर टाउनच्या दुकानात बावणे काका आणि मी वायर घ्यायला जातो. दुकानदार दर वेळी विचारतो, "काका, लाल दूँ कि हरा?"

काका दर वेळी तेच सांगतात, "जो हाथ में आए दे दो भैया. वायरीला काय नवरीचा शालू करायचाय?"

दुकान हसतं. मीही हसायचो.

*

पुण्याहून बदलून आलेल्या एका बँकवाल्यांचा नवा फ्लॅट. त्यांनी व्हिडिओ पाहून ठेवला होता. "लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. दहा मिनिटांचं काम आहे!"

काकांनी पिशवीतून आपला टेस्ट लॅम्प काढला. होल्डरमध्ये बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच ते यंत्र. छतातून आलेली एकेक वायर त्यांनी माझ्याकडून तपासून घेतली. मेन चालू कर, लॅम्प लाव, बंद कर. बटणं एकेक करून दाब. तपासलेल्या वायरीला दोरा बांध. एक गाठ पंख्याची, दोन दिव्याची, तीन न्यूट्रलची, चार अर्थिंगची. तासभर! बँकवाले घड्याळ पाहून राहिले, मी आतून उकळून राहिलो. शेवटी निघालं काय? सगळं रंगाप्रमाणे बरोबर!

जिना उतरताना मी फटकन बोललो, "काका, तास वाया गेला. सगळं बरोबरच होतं!"

"बरोबर होतं हे आता माहीत झालं," काका म्हणाले. "रंग वायरीच्या अंगावर असते बाबू, करंटमधी नसते. रंगावर जायचं नाही."

मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. आमच्या सर्कलमधल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा एक असतोच.

*

सहावा महिना संपायला आला तेव्हा बाबांनी लाइटवाला पंखा विकत आणला. परीक्षा! खोली आमचीच. तिचं वायरिंग मी पाळण्यात होतो तेव्हा बाबांनी स्वतः केलेलं. आई पदराला हात पुसत उभी. बावणे काकांनी स्टूल धरलेलं, पण गप्प. बाबा त्यांचे फॅक्टरीतले साहेब, त्यांच्यासमोर ते अजूनही बसत नाहीत.

छतातून तीन वायरी लोंबत होत्या. लाल, काळी, हिरवी.

"लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग," बाबा म्हणाले. "हिरवी पंख्याच्या बॉडीला लाव. दिव्याची वायर वेगळी ओढावी लागेल."

"आधी तपासतो."

"तपासतो काय? मी टाकलीय ती! तुला बापावर भरवसा नाही?"

मला एवढा राग आला की म्हटलं, लावतो, हे घ्या! हिरवीचं टोक सोललं, बॉडीच्या स्क्रूला गुंडाळायला घेतलं. खालून स्टूल हललं. काकांनी मुद्दाम हलवलं होतं.

"साहेब," काका म्हणाले, "त्याला खाली उतरू द्या."

इतक्या वर्षांत या माणसानं बाबांचं वाक्य कधी तोडलं नव्हतं. मी उतरलो. काकांनी लॅम्प दिला. "एक टोक काळीला, एक हिरवीला. आता मेन चालू. साहेब, तुम्हीच बोर्डावरची बटणं दाबा. एकेक."

पहिलं बटण. लॅम्प गप्प. दुसरं. गप्प. तिसरं बटण वर्षानुवर्षं कोणी दाबलंच नव्हतं, कारण त्यानं काही लागतच नसे. बाबांनी ते दाबलं.

लॅम्प भक्कन पेटला!

हिरवीत करंट होता. ती बॉडीला लागली असती तर पंखा छान फिरला असता. आणि एक दिवस कोणी ते बटण चालू ठेवलं असतं की पंख्याच्या सगळ्या बॉडीत करंट. दिवाळीआधी लोखंडी स्टुलावर चढून पंखे कोण पुसतं? आमची आई. ती माझ्याकडे पाहून राहिली होती.

बाबांनी ते बटण बंद केलं. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "पुढेमागे इथे दिवा लावायचा होता. त्या दिवशी लाल वायर संपली. मी हिरवी ओढली... आणि विसरलो."

दिव्याची वायर वीस वर्षं आमच्या डोक्यावर तयार होती! तिला दोन गाठी बांधल्या. अर्थिंगची नवी वायर ओढली. पंखा फिरला, दिवा लागला, दोघं आपापल्या बटणावर.

काका गेल्यावर बाबा म्हणाले, "चालू ठेव तुझं काम." दारापर्यंत गेले, परत फिरले. "त्याला कसं कळलं? विचारून ये."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या घरी गेलो. काका बाजारात गेलेले. काकूंनी पोहे टाकले होते. "येतीलच आता, टमाटे आणायला पाठवलं."

काका आले. पिशवी ओट्यावर ठेवून माझ्यासमोर बसले. मी सांगितलं, बाबा हो म्हणाले. काका खूश! मग सरळ विचारलं, "काका, तुम्ही रंगावर काहून नाही जात? कधीच?"

काका चष्मा पुसत बसले. उत्तर देणार असं वाटलं.

तेवढ्यात आत काकूंनी पिशवी परातीत उपडी केली. टणटण आवाज झाला. काकू परात घेऊनच बाहेर आल्या. दीड किलो टमाटे, एकजात हिरवेगार.

"अहो, लाल सांगितले होते ना मी!"

काकांनी परातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत परातीकडे.

"भाजीवाल्यानं," ते हळूच म्हणाले, "आज दाबून पाहू नाही दिलं."