फिन्सच्या चोवीस जोड्या

बोटीवरच्या मावशी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी पायांकडे. शिडी चढून आलेला धड टेकतोय न टेकतोय तोच, "तुम्हाला नऊ नंबर. आणि तुम्हाला सात, उगाच आठ मागू नका," असं सांगून त्या मोकळ्या होत. नंबर कधी चुकत नसे. ही विद्या त्यांना समुद्राने शिकवली नव्हती. उमेदीची एकवीस वर्षं त्यांनी स्केटिंगच्या एका हॉलमध्ये, खिडकीमागे बसून, स्केट्स वाटण्यात काढली होती. नवरा गेला, मागोमाग हॉलही बंद पडला, आणि घरात बसून भिंती बघणं काही त्यांना जमेना. तेव्हा भाच्याने त्यांना आपल्या बोटीवर आणलं.

बंदरात मोठं प्रवासी जहाज लागलं, की भाच्याची बोट त्यातल्या हौशी लोकांना प्रवाळाच्या खडकांपर्यंत घेऊन जायची. डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि पायात माशाच्या परांसारख्या रबरी फिन्स चढवून ही मंडळी दोन तास पाण्यावर पालथी पडून मासे बघायची. चारच्या आत त्यांना जहाजावर परत पोचवायचं. मावशींना स्वतःला पोहता येत नव्हतं. पण नळी दातांत कशी धरायची हे त्या अशा तोऱ्यात शिकवत, की शंका काढायची कुणाची बिशाद नव्हती.

माणसं मोजायची त्यांची रीत मात्र हॉलमधलीच राहिली. माणसं हलतात, उठून दुसरीकडे बसतात, दोनदा मोजली जातात. पायातल्या वस्तू ठेवल्या जागी राहतात. हॉलमध्ये सगळे स्केट्स फळीवर आले की कुलूप लागायचं. बोटीवर वाटलेल्या सगळ्या फिन्स पेटीत आल्या की नांगर उचलायचा. बारा वर्षांत एकदाही घोळ झाला नव्हता. भाच्यानेही डोकी मोजणं कधीच सोडून दिलं होतं. "मावशी, पेटी भरली?" एवढंच तो विचारायचा.

त्या दिवशी चोवीस जण पाण्यात उतरले. पंचविसाव्या काकू होत्या, त्यांना बोटच इतकी लागली की पाण्याचं नाव काढवेना. मावशींनी त्यांना आतल्या केबिनमध्ये नेलं, उलटीसाठी बादली धरली, गोळी दिली आणि झोप लागेपर्यंत पाठीवरून हात फिरवला. बरोबर त्याच वेळी काकूंचे यजमान, सत्तरीचे सडपातळ काका, शिडीपाशी आले होते. फिन्स त्यांच्या टाचेला चावत होत्या. त्यांनी त्या काढल्या, शहाण्या माणसासारख्या पेटीत टाकल्या आणि अनवाणी पायांनी पुन्हा पाण्यात गेले. हे कुणीच पाहिलं नाही.

"मावशी, पेटी भरली?"

मावशींनी जोड्या मोजल्या. चोवीस. "भरली रे," त्या म्हणाल्या, आणि बोट निघाली.

चष्मेवाल्यांचे चष्मे मावशी एका डब्यात ठेवत. परतीच्या वाटेवर लोक आपापला चष्मा घेऊन गेले. तळाशी एक उरला, जाडजूड भिंगांचा. "कुणाचा हा?" त्यांनी दोनदा ओरडून विचारलं. कुणी हात वर करेना. असल्या भिंगांचा माणूस चष्म्यावाचून समोरच्या बाकापर्यंतही जाणार नाही, हे कळायला डॉक्टर लागत नाही. मावशींनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं. काकू एकट्याच घोरत होत्या. त्यांचे यजमान तिथेही नव्हते.

"बोट फिरव," भाच्याजवळ जाऊन त्या म्हणाल्या.

"फिन्स पुऱ्या आहेत ना? तूच मोजल्यास."

"फिन्स पुऱ्या आहेत. माणूस नाहीये."

"अगं, जहाजाला उशीर झाला तर उद्यापासून दुसऱ्या बोटीला बोलावतील. आपण दोघं घरी बसू."

"बसू घरी. फिरव आधी!"

भाच्याने चाक फिरवलं. मावशी पुढच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. आजवर कितीकांचे पाय त्यांना आठवत होते, आणि या माणसाचा चेहरा काही केल्या आठवेना. याची त्यांना इतकी लाज वाटली की रडूही येईना.

काका सापडले. खडकांपाशी पालथे तरंगत होते, पाठ उन्हाने लालबुंद झालेली. भाच्याने भोंगा वाजवला तेव्हा त्यांनी डोकं वर काढलं आणि भलत्याच दिशेला हात हलवला. बोटीवर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. वर आल्यावर काका हसून म्हणाले, "एवढ्यात निघायचं? आत्ता कुठे मासे मला ओळखायला लागले होते!"

त्यांना पत्ताच नव्हता. चष्म्याशिवाय दहा हातांपलीकडचं सगळं त्यांना सारखंच निळं दिसत होतं. भाच्याने लांबूनच मावशींना डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. गप्प राहिलं असतं तर खरंच निभावलंही असतं.

मावशींनी काकांना मागच्या बाकावर, इंजिनाच्या घरघराटात बसवलं, चष्मा दिला, अंगावर टॉवेल टाकला आणि शेजारी बसल्या.

"काका, आम्ही निघून गेलो होतो. तुम्हाला सोडून. तुमच्या फिन्स पेटीत होत्या, मी तेवढ्याच बघितल्या. चूक माझी आहे. तक्रार करायची तर माझी करा, पोराची नको."

काकांनी नाकावरचा चष्मा नीट बसवला.

"किती वेळ?"

"अर्धा तास असेल."

"मला वाटत होतं, बोट मागेच आहे. म्हणून तर मी इतका निवांत..." त्यांनी मागे वळून पाहिलं. खडक आता दिसतही नव्हते, नुसतं पाणी होतं. मग कुठे त्यांचे हात कापायला लागले. मावशींनी टॉवेलखाली ते आपल्या हातांत घट्ट धरले.

इतक्यात केबिनचं दार उघडून काकू आल्या. "काय हो, चार वाजत आले तरी आपण इथेच? आणि असे कापताय का?"

मावशी सांगणार, तोच काकांनी त्यांची बोटं जोरात दाबली.

"गारठलोय गं जरा. आणि उशीर माझ्यामुळेच झाला. कुणाला न सांगता लांब गेलो होतो, बिचाऱ्यांना शोधायला यावं लागलं."

"जन्मभर हेच!" काकू कडाडल्या. "चार माणसांना ताटकळत ठेवायचं! माफी तरी मागितलीत का या बाईंची?"

"मागतो," काका म्हणाले. पुढे जहाज येईपर्यंत काकू बोलत राहिल्या आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. मावशींचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.