दोन ठिकाणची हजेरी

प्राथमिक शिक्षक व्हायला काय काय लागतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बारावी. मग दोन वर्षांचं डी.एड., ज्याला आता डी.एल.एड. म्हणतात, नाव तेवढं लांबलं, बाकी आहे तेच आहे. मग टीईटी, म्हणजे पात्रता परीक्षा. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, कारण पात्र असणं आणि योग्य असणं सरकारच्या लेखी वेगवेगळं आहे. सहावी ते आठवीला शिकवायचं असेल तर वर पदवी. एवढं सगळं झालं की पोर्टलवर नाव टाकायचं आणि भरती निघायची वाट बघत बसायचं. त्या वाट बघण्याला किती वर्षं लागतात, ते कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

हे मला पाठ आहे कारण यावरच माझं पोट चालतं. इंदापूरच्या बाजूला एका खासगी डी.एड. कॉलेजात मी शिकवते. मी स्वतः बी.ए., बी.एड., एम.एड. आहे. एम.एड. म्हणजे शिक्षकांना शिकवणाऱ्यांचं शिक्षण. पहिली-दुसरीच्या एकाही पोराला मी आजवर नोकरी म्हणून शिकवलेलं नाही, आणि तरी त्यांना कसं शिकवावं हे मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर लिहून देतेय. हसायचं असेल तर हसा. मीही हसते कधी कधी.

एक काळ होता, डी.एड.ला नंबर लागला की घरात पेढे यायचे. ज्यांना इंजिनिअरिंग सहज मिळालं असतं अशा मुली डी.एड. घ्यायच्या, आणि डी.एड. झालेल्या मुलीला स्थळं घरी चालून यायची. मी नोकरीला लागले आणि तो काळ संपला. भरती बंद पडली, मुलं यायची थांबली, आजूबाजूची कॉलेजं एकेक करून कुलूपबंद झाली. मग आमचं उलटं सुरू झालं. मुलं आमच्या दारात येईनात, म्हणून आम्ही मुलांच्या दारात जायला लागलो.

आमच्या कॉलेजातली ही रीत बाहेरच्यांना सांगितली तर खरी वाटत नाही. बारावीचा निकाल लागला की शिकवणाऱ्या प्रत्येकानं पाच प्रवेश आणायचे. पिशवीत कोरे फॉर्म, डिंक, स्टेपलर. गावोगाव फिरायचं, बारावीचे विद्यार्थी कुणाकडे आहेत ते विचारायचं, ओट्यावर बसून पाणी प्यायचं आणि आईबापांना पटवायचं. मूल तयार झालं की तिथल्या तिथं त्याचा मूळ टीसी ताब्यात घ्यायचा, म्हणजे ते दुसऱ्या कॉलेजच्या हाती लागत नाही. आमचे अध्यक्ष मीटिंगमध्ये दर वर्षी एकच वाक्य बोलायचे, "वर्ग भरला नाही तर तुकडी बंद, आणि तुकडी बंद तर तुम्ही घरी." त्यांचा आवाजसुद्धा कधी चढायचा नाही.

अशाच एका वर्षी माझे चार झाले होते. पाचवा काही केल्या मिळेना. इंदापूर तालुक्यातली गावं इतरांनी पिंजून काढली होती. कुणीतरी सांगितलं, लोणी भापकरला एक हुशार मुलगी आहे, बारावीला ब्याऐंशी टक्के. लोणी कुठं, आमचं कॉलेज कुठं. पण गरज माझी होती. दोन एसट्या बदलून भर उन्हात मी तिथं पोचले.

घरापुढच्या छपरात तिचे वडील कांदा निवडत बसले होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही तात्याच म्हणाले. त्यांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तिचा बारामतीला बी.ए.चा फॉर्म भरलाय," ते म्हणाले. "बारामती हितनं जवळ पडती. पास निघतो, सांजच्याला पोरगी घरी. तुमचं इंदापूर लई लांब. रोज कसं जमायचं?"

"रोज यायचं कशाला?" मी म्हणाले. "बी.ए. करू द्या की बारामतीला. आमच्याकडं सराव पाठाला आणि परीक्षेला आली तरी चालेल. हजेरीचं मी बघते. तीन वर्षांत दोन्ही हातात येतील."

"चालतं व्हय असं?"

"सगळेच करतात, तात्या."

ते खोटं नव्हतं. बरेच जण करायचे. पण चालत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. आदल्याच वर्षी तपासणीला आलेल्या समितीतल्या एका गृहस्थांनी आमच्या सगळ्यांसमोर हजेरीपट टेबलावर आपटला होता. एकाच वेळी दोन ठिकाणी नियमित शिकणारी मुलं कागदावर दाखवू नका, उद्या पोरांच्या गळ्याशी येईल, असं ते म्हणाले होते. तेव्हा मी मान डोलावली होती. लोणीच्या छपरात बसल्यावर त्यांची आठवण मला आली, आणि मी ती बाजूला सारली. मला माझा पाचवा प्रवेश दिसत होता.

अडचण टीसीची होती. मूळ टीसी एकच, कॉलेजं दोन. त्यावरही आमच्याकडं उपाय होता. मी मुलीला वही आणायला सांगितली आणि तिच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावानं अर्ज सांगितला: माझा शाळा सोडल्याचा दाखला प्रवासात गहाळ झाला आहे, तरी मला दुसरी प्रत मिळावी. तिनं पेन थांबवलं.

"गहाळ कुठं झालाय मॅडम? हा काय हितं हाय."

"असंच लिहायचं असतं," मी म्हणाले.

तिनं लिहिलं. अक्षर असं होतं, की मी पुढं कितीतरी वर्षं फलकलेखनाच्या तासाला तिच्या वहीची पानं मुलींना दाखवायचे.

दोन वर्षांत ती आमच्याकडं मोजून तीस-चाळीस दिवस आली असेल. हजेरीपटावर ती जवळजवळ रोज होती. सह्या कोण करायचं ते विचारू नका. पण ज्या दिवशी यायची त्या दिवशी माझा जीव सुपाएवढा व्हायचा. तिचा एक सराव पाठ मी विसरू शकत नाही. तिसरीचा वर्ग, घड्याळ शिकवायचं होतं. बाकीच्या मुली पुठ्ठ्याचं घड्याळ कापून आणायच्या आणि काटे फिरवत बसायच्या. हिनं पुठ्ठा काढलाच नाही. "पहिली एसटी किती वाजता येते?" म्हणून विचारलं. सगळा वर्ग हात वर करून उभा. सव्वासहाची, पावणेआठची, साडेदहाची, जी कधीच साडेदहाला येत नाही ती. फळ्यावर तिनं गाड्या मांडल्या आणि प्रत्येक गाडीपुढं पोरांकडून काटे काढून घेतले. उशिरा येणारी गाडी किती मिनिटं उशिरा, हेही पोरांनी सांगितलं. मागच्या बाकावर मी निरीक्षण वही घेऊन बसले होते आणि लिहायला काही सुचेना. मी गुण द्यायचे विसरले. आमच्याकडनं बाहेर पडलेल्या शेकडो मुलामुलींत जन्मतः शिक्षक अशी ही एकच, हे मी तेव्हाच ओळखलं.

पुढची वर्षं तिची इतरांसारखीच गेली. टीईटी एकदा थोडक्यात हुकली, दुसऱ्यांदा दोन्ही पेपर निघाले. भरती नाही. बारामतीत एका खासगी शाळेत तिनं चार वर्षं शिकवलं. लग्न होऊन ती इंदापूरकडं आली, सासरी डाळिंबाची बाग, भाजीपाला. सकाळी माल भरून द्यायचा आणि दुपारी चाचणीचा अभ्यास. मला फोन करायची. "मॅडम, अजून दोन वर्षं. मग आबा म्हणत्यात, पुरं झालं." आबा म्हणजे सासरे. माणूस वाईट नव्हता, त्यांनी तिला मुदत दिली होती एवढंच.

आणि ती मुदत संपायच्या आत तिचं नाव यादीत आलं. सहावी ते आठवी, भाषा. पदवीधर शिक्षक. तिनं फोनवर धड सांगितलंसुद्धा नाही, नुसती रडत होती. मी पण रडले. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा फोटो लागला, वर गुलाल. त्या वर्षी बारावीचा निकाल लागल्या दिवसापासून तो फोटो आम्ही गावोगाव दाखवला.

कागदपत्र पडताळणीला ती मला म्हणाली, "तुमी चला सोबत. मला आत गेल्यावर बोलायला सुचत न्हाय." आम्ही सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलो. तिनं नवी साडी नेसली होती आणि सगळी प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ओळीनं लावली होती. घरून निघाल्यापासून मला आमचा हजेरीपट आठवत होता. पण बाकीच्यांचं निभावलंय, हिचंही निभावेल, असं मी स्वतःला समजावत होते.

टेबलामागं एक बाई होत्या. चेहऱ्यावरून प्रेमळ. त्यांनी एकेक कागद उलटला, टिक केली, पुढं गेल्या. मग दोन कागद शेजारी ठेवले आणि तारखा जुळवून पाहिल्या.

"बी.ए. नियमित?"

"हो."

"बारामती. आणि डी.एल.एड. नियमित, इंदापूर. दोन्ही एकाच वर्षी." त्यांनी टीसी वर काढला. त्यावर 'द्वितीय प्रत' असा शिक्का होता. "इथं ब्याऐंशी टक्के हजेरी, तिथं अठ्ठ्याऐंशी. दोन्हीकडं अकरा ते पाच. बाळ, तू नक्की कुठं बसत होतीस?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं होऊन म्हणाले, "मॅडम, मी त्या कॉलेजची शिक्षिका. आमच्याकडं ती पाठापुरती यायची, बारामतीला मात्र रोज जायची. तसं पत्र देता येईल."

"द्या की," त्या म्हणाल्या. "मग डी.एल.एड. खोटं ठरेल. आणि बारामतीनं तसं दिलं तर बी.ए. जाईल. या पदाला दोन्ही लागतात. एक धरलं की दुसरं सुटतं, मी काय करू सांगा." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात 'अपात्र' लिहिलं आणि तिची सही घेतली. सही करतानाही तिचं अक्षर तसंच आलं.

बाहेर आल्यावर ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिनं घरी फोन लावला आणि "न्हाय झालं" एवढंच सांगितलं. पलीकडून आबांचा आवाज मला ऐकू येत होता. ते रागावले नाहीत. बरं, ये घरी, सांभाळून ये, असं काहीतरी म्हणाले. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

सोलापूरकडं जाणाऱ्या गाडीत आम्हाला शेजारी जागा मिळाली. चौफुल्यापर्यंत मी मनातल्या मनात वाटा शोधत होते: पहिली ते पाचवीसाठी पुन्हा चाचणी द्यायची, तिथं बारावी आणि डी.एल.एड.वर भागतं. पण तेच डी.एल.एड. आता संशयात आलं होतं. बी.ए. पुन्हा बाहेरून करायचं, तीन वर्षं. पुढची भरती कधी, देव जाणे. आबांची मुदत तर संपतच आली होती. जी वाट काढावी ती आमच्याच हजेरीपटापाशी येऊन थांबत होती.

भिगवण मागं पडल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, एक विचारू? हे असं चालत न्हाय, हे तुमाला तवा माहीत व्हतं का?"

मी बालमानसशास्त्र शिकवते. मुलानं प्रश्न विचारला तर उत्तर टाळू नका, खोटं तर कधीच सांगू नका, असं मी दर वर्षी नोट्समध्ये लिहून देते. मला लाज वाटली. आणि लाज वाटत असतानाच मी म्हणाले, "नाही गं. तेव्हा असले नियम कुठं होते."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "माहीत असतं तर तुमी मला आडवलं असतं."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. माझी समजूत काढायला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला आणि तसाच राहू द्यावा असंही वाटलं.

मग तिनं घरचं काढलं. तिची धाकटी नणंद यंदा बारावी झाली होती. घरात विचार चालू होता, नर्सिंगला घालायची की डी.एड.ला. आबांनी म्हणे सांगून ठेवलं होतं, तुझ्या मॅडमना विचार, त्या म्हणतील तसं करू.

"तिला एकच करू दे म्हणते मी," ती म्हणाली. "दोन्हीकडं न्हाय. एकाच ठिकाणी रोज जाऊन नीट केलं, तर लागंल ना मॅडम नोकरी?"

जूनचा दुसरा आठवडा होता. यंदा माझे पाचातले तीनच झाले होते.

"लागेल," मी म्हणाले.

इंदापूर स्टँडवर उतरल्यावर मी पर्समधून कोरा फॉर्म काढून तिला दिला.