आमच्या भाटव्यांचं बेस

जगात कुणीही, कुठेही, कसल्याही प्रसंगी 'कसे आहात' म्हणून विचारलं तर ज्याच्याकडे उत्तर आधीच तयार आहे, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आमच्या भंडाऱ्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. आमचे भाटवे पवनीला शिंपीकाम करत आणि त्यांचं उत्तर असे, "बेस आहो." बेस म्हणजे उत्तम, काही चिंता नको, बसा, चहा घ्या. एकदा दाढेनं त्यांचा गाल इतका सुजला होता की एक डोळा पार मिटला होता. उरलेल्या डोळ्यानं सुईत दोरा ओवत त्यांनी मला बेस असल्याचं सांगितलं. एका वैशाखात वादळानं त्यांच्या घरावरची निम्मी कवेलू उडाली. मी भंडाऱ्याहून धावतपळत पोचलो, तर भाटवे डोक्यावर छत्री बांधून मशीनवर बसलेले आणि ताई ओल्या घरातून भांडी गोळा करतेय. मला पाहून म्हणाले, "बेस हाय बाबू. उजेड चांगला येऊन राहिला."

खोटं बोलावं असा त्यांचा हेतू कधीच नसे. दुसऱ्याच्या जिवाला आपल्यापायी घोर लागणं हे त्यांना कुणाच्या अंगावर पाणी उडवण्याइतकं असभ्य वाटे. त्यामुळे ते गिऱ्हाइकालाही नाही म्हणू शकत नसत. दिवाळीचे कपडे होळीला मिळत, पण मिळत तेव्हा ते वर्षानुवर्षं टिकत, कारण प्रत्येक शिवणीत ते बोटभर कापड जास्तीचं दाबून ठेवत. "मानूस भरते," असं त्यांचं म्हणणं. माणूस वाळतोही, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

एका दुपारी ते शहापूरहून एका मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून येत होते. रेतीच्या टिप्परनं मागून धडक दिली. मित्र शेतात फेकला गेला आणि खरचटण्यावर निभावला. भाटवे डांबरावर पाठीवर पडले. टिप्परचा ड्रायव्हर पळाला, असं पुष्कळांना वाटतं. तो पळाला नव्हता, तो यांच्या उशाशी उभा होता. लोक धावत येताना दिसले तसे भाटवेच त्याला म्हणाले, "काही नाही झालं मले, बेस आहो. तू जाय, लोक मारतीन तुले." मग त्याच लोकांनी, अतिशय मायेनं, त्यांना बखोटीला आणि पायांना धरून उचललं, घडी घातल्यासारखं ऑटोत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. मान लुडकू नये म्हणून एक जण ती वाटभर छातीशी धरून होता. मणका धडकेत मोडला की ऑटोत, हे पुढे कोणालाच नक्की सांगता आलं नाही. कमरेखालचं शरीर मात्र त्या दिवसापासून त्यांचं राहिलं नाही.

घरी आणलं तेव्हा मशीन बाहेरच्या ओसरीवर गेलं आणि त्या जागी खाट आली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाण्याची रीत आहे, आणि भेटायला आलेल्याला चहाशिवाय जाऊ न देण्याचीही आहे. अख्खी पवनी येऊन गेली. येणारे रडवेले होऊन येत आणि भाटवे त्यांची समजूत घालत. कुणाच्या गुडघ्याचं विचारत, कुणाच्या पोरीच्या सोयरिकीचं. लघवीची नळी आणि तिची पिशवी खाटेला लटकलेली असे. ती येणाऱ्याला दिसू नये म्हणून त्यांनी पडल्यापडल्या, छातीवर कापड ठेवून, सुटाच्या उरलेल्या तुकड्याची एक सुबक खोळ हातानं शिवली, वर झाकणाची पट्टी आणि बटण. इतकं नीटनेटकं काम त्यांनी गिऱ्हाइकाला वेळेवर कधी दिलं नसेल. पाठीच्या जखमांचा वास मात्र खोळीत मावत नव्हता. ताई उदबत्ती लावून ठेवी. पायांचं मांस इतकं उतरलं की त्यांच्याच जुन्या पायजम्यांच्या शिवणी ताईला आत घ्याव्या लागल्या. ती टाके घालत असताना ते बारकाईनं पाहत होते, पण त्या दिवशी त्यांनी एकही सूचना केली नाही.

दर दोन तासांनी त्यांची कूस पालटावी लागे, नाहीतर जखमा हाडापर्यंत जातात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताई एकटी. साठीला टेकलेली बाई एका पूर्ण वाढलेल्या पुरुषाला दिवसरात्र उलथवते आहे, हे पाहून मी नुकसानभरपाईच्या दाव्याचा विषय काढला. भाटव्यांना तो मुळीच रुचला नाही. कोर्टात जाणं म्हणजे त्यांच्या मते त्या ड्रायव्हरला पुन्हा रस्त्यात गाठणं होतं. द्यायचं ते विमा कंपनीला, हे मी दहा वेळा समजावलं. शेवटी ताईनं कुणाला न सांगता ओढणीनं कंबर आवळायला सुरुवात केली, आणि एके दिवशी कूस पालटताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून त्यांनी स्वतःच मला म्हटलं, "बाबू, वकील पाहाय."

भंडाऱ्याच्या कोर्टात गरजूंना सरकारकडून वकील मिळतो. आम्हाला एक तरुण वकीलबाई मिळाल्या, भाटव्यांना मुलगी असती तर तिच्या वयाच्या, आणि चिवट. त्या पवनीपर्यंत बसनं आल्या. मणका मोडल्याचं डॉक्टर सांगतील, म्हणाल्या, पण रात्रंदिवस माणूस का लागतो हे कोर्टाला तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. ते कळलं नाही तर माणूस ठेवण्याचा खर्च मिळणार नाही. मग त्यांनी सराव घ्यायला घेतला. "काका, कसे आहात?" "बेस आहो जी. तुमी जेवल्या का?" पुन्हा. "बेस आहो." शी-लघवीचं भान नाही, जखमा भरत नाहीत, उठून बसता येत नाही, हे सगळं सांगायचं आहे, असं त्यांनी कितीदा घोकवलं. भाटवे लाजून छताकडे पाहत. लेकीसारख्या बाईला असलं सांगायचं म्हणजे त्यांना मरणच होतं. अखेर फार आग्रह झाला तेव्हा त्यांनी "त्रास हाय" असं म्हटलं, पण ते इतक्या प्रसन्नपणे की वकीलबाईंना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

साक्षीच्या दिवशी आम्ही त्यांना गाडीत आडवं घालून नेलं. कोर्ट वरच्या मजल्यावर. चौघांनी खुर्चीसकट उचललं. प्रत्येक पायरीवर भाटवे त्या चौघांची माफी मागत होते आणि मधेच, आपल्याला लग्नातही इतक्या मानानं कोणी नेलं नव्हतं, असंही म्हणाले. ताई मागच्या बाकावर पदर तोंडाशी धरून बसली.

विमा कंपनीचे वकील मुरलेले होते. त्यांनी आवाजात साय आणून विचारलं, "काय काका, कसे आहात?"

"बेस आहो जी. तुमी?"

कोर्टात हशा पिकला. वकीलबाईंनी मान खाली घातली. अपघाताच्या जागी ड्रायव्हरला आपण काय म्हणालो, हेही भाटव्यांनी लपवलं नाही. बेस आहो, जा, असंच म्हटलं, म्हणाले. घरी भेटायला येणाऱ्यांना काय सांगता? तेच. म्हणजे तेव्हाही बेस, आजही बेस. मुरलेल्या वकिलांनी न्यायाधीशांकडे पाहिलं आणि खाली बसले.

न्यायाधीश प्रौढ होते, थोडे पेंगुळल्यासारखे दिसणारे. त्यांनी पेन बाजूला ठेवलं. आमच्याकडे 'कसे आहात' हे एकदाच विचारतात. उत्तर आलं की विषय संपतो, दुसऱ्यांदा विचारणं हे कुणाच्या घरात शिरून भांडी उघडून पाहण्यासारखं आहे. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं.

"ते मी ऐकलं. आता पुन्हा विचारतो. कसे आहात?"

भाटव्यांचा हात गळ्याकडे गेला, जिथे एरवी मोजायची टेप असे. तिथे काही नव्हतं. त्यांनी मान वळवून मागच्या बाकाकडे पाहिलं.

"माहं काय हाय साहेब, मले खाली काही समजतच नाही. आग लागली तरी समजनार नाही. म्हनून मी बेसच आहो. पन हिले इचारा. माही कूस पालटू पालटू हिची कंबर गेली. रडते ते. मले दिसते. तिले एकटीले रडू द्याव, आपन कूस पालटून तिकडं तोंड कराव म्हटलं, तर त्याच्यासाठी बी तिलेच उठाव लागते."

मुरलेले वकील पुन्हा उठले नाहीत.

निकाल आमच्या बाजूनं लागला. दिवसरात्र सांभाळायला एक माणूस ठेवता आला. पहिल्या दिवशी भाटव्यांनी त्याला कामाला हात लावू दिला नाही, आधी चहा पाजला आणि त्याच्या गावाकडची चौकशी केली. ताईची कंबर थोडी सुधारली. काही महिने ती ओसरीवरच्या मशीनवर बसून उसवलेलं शिवून देऊ लागली आणि भाटवे आतून तिच्या टाक्यांच्या आवाजावरून चुका काढू लागले. तो त्यांचा खरा सुखाचा काळ असावा. पण जखमा उशिरापर्यंत वाट पाहून होत्या. एकीतून विष रक्तात उतरलं आणि ताप भरला. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या कानाशी वाकून, कसं वाटतं, म्हणून विचारलं. ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. जाता जाता जो तो ताईला, कशी आहेस, म्हणून विचारे आणि ती म्हणे, "बेस आहो." हुबेहूब तोच सूर. शेवटचा माणूस गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो. खाट अजून तिथेच होती, खोळ बटण लावून खुंटीला टांगलेली. मी तिला पुन्हा विचारलं.

तिनं आपल्या तळहातांकडे पाहिलं. म्हणाली, "कूस पालटाची येळ झाली का हात आपसूक उठतात, बाबू. मंग कुठी ठेवाव, समजत नाही."

मी उठलो आणि चुलीवर चहा ठेवला. त्या घरात बाहेरून आलेल्या माणसानं चहा ठेवण्याची ती पहिलीच वेळ असावी. ताईनं मला अडवलं नाही.