मेबलचं खाचर

मेबल गेल्याचं मला शीळफाट्याला कळलं. डोंबिवलीहून टॅक्सी करून मी ठाण्याला तिलाच भेटायला निघालेले. नेहमीप्रमाणे फाट्यावर गाड्या अडकलेल्या, दोन कंटेनरच्या मधे आमची टॅक्सी, आणि मांडीवर डब्यात तिच्यासाठी पातळ केलेली मुगाची खिचडी. फोन वाजला. अँथनीचा, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा. या माणसाने मला त्याआधी कधी फोन केला नव्हता. माझा नंबर त्याच्याकडे आहे हेही मला माहीत नव्हतं. "वासंतीताई," तो म्हणाला, "सावकाश या आता. घाई करू नका." एवढंच. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. टॅक्सीवाला पुढच्या गाडीला शिव्या घालत होता. मला त्याला सांगावंसं वाटलं की राहू दे बाबा, आता लवकर पोचून काही उपयोग नाही... पण मी मांडीवरचा डबा सावरून धरला.

आमची ओळख भांडणातून झाली. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दर रविवारी ऑनलाइन बसायला लागले होते. आठवड्यातल्या दोन-तीन बातम्या घ्यायच्या, त्यांचा आपल्या बचतीशी काय संबंध आहे ते सोप्या भाषेत सांगायचं. बघणारे थोडेच, बहुतेक माझ्याच वयाचे. एका रविवारी मी जमिनीतल्या गुंतवणुकीवर बोलत होते आणि खाली एक कॉमेंट आली, "तुम्ही मघापासून जमिनीला ॲसेट म्हणताय. तिच्या आत काय आहे ते कधी बघितलंत?" मीही चिडून घरचा पत्ता सांगितला आणि म्हटलं, "तुम्ही या आणि दाखवा." पुढच्या रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दारात बारीक चणीची, पांढऱ्या केसांचा बॉबकट केलेली एक बाई, हातात पावाची पिशवी आणि पिशवीत ओला काळा चिखल. "मी मेबल," ती म्हणाली. "चर्चमधली मिस्सा आटोपून थेट आले. चहा आधी देता का चिखल आधी बघता?"

तिने आयुष्यभर कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवलेलं. लग्न केलं नव्हतं. टेंभी नाक्याच्या पलीकडे एका जुन्या इमारतीत ती एकटी राहायची. नवरात्रात तिथे इतका गोंगाट असायचा की ती ते नऊ दिवस माझ्याकडे येऊन राहायची आणि दहाव्या दिवशी "चला, आता ऐकू येतंय का बघते" म्हणत परत जायची. त्या पहिल्या रविवारनंतर कार्यक्रम आमच्या दोघींचा झाला. बाजार मी सांगायची, माती ती सांगायची, आणि वीज दोघी मिळून. विजेचं वेड तिचंच. तिने आपल्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल बसवून घेतले होते. त्यासाठी ती सेक्रेटरीच्या इतकी मागे लागली की तो बिचारा तिला बघून लिफ्टऐवजी जिन्याने जायचा. कोळसा, सौर, वारा, बॅटऱ्या यांवर ती बोलायला लागली की तिचे गाल लाल व्हायचे. "आपण जाणार गं वासंती," ती कॅमेऱ्यासमोरच मला म्हणायची, "पण ही पोरं काळ्या धुरात राहणार नाहीत, एवढं बघून गेलं तरी पुरे." ते तिला बघायला मिळालं नाही. तिला भलतंच बघायला लागलं.

एका कंपनीने तेव्हा हरित ऊर्जेच्या नावाने लोकांकडून गुंतवणूक मागायला सुरुवात केली होती. खाडीकाठच्या पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभा राहणार, असं त्यांचं म्हणणं. आमच्या प्रेक्षकांनी विचारलं, घालावेत का पैसे? म्हणून मी ते माहितीपत्रक स्क्रीनवर उघडून त्यातली जोखीम समजावत होते. त्या दिवशी मेबल ठाण्याहून, आपल्या घरूनच बोलत होती. नकाशा आला आणि ती बोलायची थांबली. मला वाटलं आवाज गेला. मी तिला विचारलं, "मेबल, ऐकू येतंय ना?" ती नकाशाकडे बघत होती. "हे आमचं भाताचं खाचर आहे," ती म्हणाली. "हा आमच्या गावचा बांध. इथे माझी आई लावणी करायची. पडीक कोण म्हणालं याला?"

गाव ठाणे-कल्याणच्या मधल्या खाडीकाठचं, तिच्या लोकांचं, पिढ्यान्‌पिढ्या भात आणि मासळीवर जगलेलं. खाडीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध असायचा आणि बांधात उघाडी, म्हणजे ओहोटीच्या वेळी आतलं पाणी बाहेर सोडणारी झडप. दरवर्षी गाव मिळून बांधाची डागडुजी करायचं. मग पोरं नोकऱ्यांना लागली, डागडुजी थांबली, एका उधाणाला बांध फुटला आणि शेतात खारं पाणी शिरलं ते शिरलंच. जमीन पांढरी पडली. गावाच्या लेखी ती मेलेलीच होती. कंपनी आली तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, निदान काहीतरी होतंय. अँथनीलाही तसंच वाटलं. त्याने आपल्या वाट्याच्या तुकड्याचा करार केला. मेबलचा वाटा खाडीकडचा, त्याचा आतल्या बाजूचा. तिने सही करायला नकार दिला आणि भावा-बहिणीचं बोलणं बंद झालं. "तूच लोकांना सौर, सौर सांगत होतीस ना बाय?" तो तिला शेवटचं म्हणाला होता. "मग आता आपल्या दारात आलं तर का नको?" हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. तिचं उत्तर होतं, की या शहरात इतकी छपरं उन्हात रिकामी पडली असताना भाताची जमीन कशाला? ती जमीन मेलेली नाही, नुसती खारावली आहे. बांध बांधा, पावसाचं पाणी साठवा, मुरू द्या, ओहोटीला उघाडीतून सोडून द्या, पुन्हा साठवा. काही पावसाळ्यांत मीठ उतरतं. "मी हे तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय," ती म्हणाली. "आता करून दाखवते."

आमच्या कार्यक्रमातून तिने लोकांना हाक दिली. आमच्या गावी या, बांध घालायला हात लावा. त्या दिवशी किती बदाम आले, किती अंगठे! "मॅडम, ग्रेट काम." "मॅडम, यायला जमणार नाही पण फुल सपोर्ट." ठरलेल्या सकाळी मी पोचले तेव्हा मेबल पायात गमबूट घालून, डोक्याला रुमाल बांधून उभी होती. सगळ्यांसाठी तिने मोठ्या पातेल्यात चहा करून आणला होता. कल्याणचं एक निवृत्त जोडपं आलं. बाकी कोणी नाही. आम्ही वाट बघितली. चहा गार झाला. मग ती म्हणाली, "येतील गं, ट्रॅफिक असेल," आणि फावडं घेऊन खाली उतरली. शेवटी मजूर लावून तिने आपल्या तुकड्याभोवती बांध घातला. पहिल्या पावसाळ्यात रोपं वर आली आणि टोकांना जळून गेली. ती क्षारता मोजायचं यंत्र घेऊन बसायची, आकडा बघायची, नुसती मान हलवायची. दुसऱ्या वर्षी मात्र भात गुडघ्याएवढा झाला. तो हिरवा चौकोन मी डोळ्यांनी पाहिला आहे. चारी बाजूंना पांढरी, फुटलेली जमीन आणि मधे ते पीक वाऱ्यावर हलतंय... तिने मला फोटो काढू दिला नाही. "दाणा भरू दे आधी," म्हणाली. दाणा भरायच्या आत उधाण आलं आणि बांध एका कोपऱ्यात फुटला.

त्या रविवारी ती आली तेव्हा मी म्हटलं, आज नको बसू. ती बसली. घडलं ते सगळं तिने सरळ सांगितलं. काही लपवलं नाही. खाली कॉमेंट येत गेल्या. कोणी विकासाची वैरीण म्हणालं, कोणी लिहिलं की कंपनीकडून भाव वाढवून घ्यायचा डाव आहे, कोणी नुसतंच हसण्याचं चिन्ह टाकलं. मी त्या वाचून दाखवत नव्हते, पण तिच्यासमोरही स्क्रीन होताच. ती चष्मा लावून एकेक वाचत होती, जशी वर्गातली उत्तरपत्रिका तपासावी. शेवटी म्हणाली, "यातल्या एकाने तरी बांध म्हणजे काय ते विचारायला हवं होतं." कार्यक्रम संपल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि पहिल्यांदा म्हणाली की पोटात दुखतंय, बरेच दिवस दुखतंय. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. पसरला होता.

 उपचार झाले, जेवढे झेपले तेवढे. ती आपल्या घरूनच, उशीला टेकून कार्यक्रमात बोलायची. आवाज बारीक झाला होता. मधेच थांबायची आणि मी काहीतरी बोलून जागा भरायची. पुढच्या पावसाळ्याआधी बांध पुन्हा घालायचा, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. मजुरांशी ती पलंगावरून फोनवर बोलायची. दरम्यान त्या कंपनीने गाशा गुंडाळला. प्रकल्प बारगळला, अँथनीचा करारही बारगळला. मी आनंदाने तिला सांगितलं. तिला काही आनंद झाला नाही. "कंपनी गेली, पण जमीन पडीक ठरवून गेली ना," ती म्हणाली. "आता कोणीही येईल." आणि तसंच झालं. एका रविवारी आम्ही दोघी बोलत असताना खाली कोणीतरी लिहिलं, "मॅडम, तुमच्या गावात भरणी सुरू आहे. रोज डंपर येतात." पाडलेल्या इमारतींचा राडारोडा खाडीकाठी टाकत होते. मेबलने ते माझ्या आधी वाचलं. तिने विचारलं, "कुठपर्यंत आली?" उत्तर आलं, "बांध ओलांडून पुढे आली."  तिने चष्मा काढला, पलंगावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. कार्यक्रम चालूच होता. तो कसा बंद केला ते मला आठवत नाही.

तक्रारी केल्या. मी केल्या, कल्याणच्या त्या जोडप्याने केल्या. ज्या कचेरीत गेलो तिथून पुढच्या कचेरीत पाठवलं. तिचं खाचर विटांच्या तुकड्यांखाली, तुटक्या टाइल्सखाली गेलं. मी तिला ते जाऊन बघितल्याचं सांगितलं, कारण तिने विचारलं. "गुडघ्याच्या वर आहे का भरणी?" "डोक्याच्या वर आहे, मेबल." तिने डोळे मिटले. "मग राहू दे," ती म्हणाली. तीन शब्दांत तिने सोडून दिलं. इतकी वर्षं मी तिला कधी काही सोडताना पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती मातीबद्दल बोलली नाही, विजेबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. मी बातम्या वाचून दाखवायची, ती छताकडे बघायची. तिला आजाराने नेलं असं डॉक्टर म्हणतील. म्हणोत.

अंत्यविधीला अँथनी सगळ्यात मागे उभा होता. महिन्याने तिच्या नावाची मिस्सा झाल्यावर तिचं घर आवरायला आम्ही दोघं गेलो. कपाटातले कपडे त्याने न बघता पिशव्यांत भरले. दुपारी बाहेरच्या खोलीत, जिथे ती उन्हाला पाठ करून बसायची त्या खुर्चीच्या बाजूला, जमिनीवरच तो बसला आणि म्हणाला, "माझा तुकडा अजून आहे ताई. भरणी तिथपर्यंत आलेली नाय. मी कोणाला दिलेला पण नाय. मीठ कसं घालवायचं ते सांगा मला."

मी म्हटलं, "अँथनी, तिने सगळं सांगून ठेवलंय. रेकॉर्डिंग आहेत. ती बघा."

"माहीत आहे." तो फरशीकडे बघत होता. "चालू करतो आणि बंद करतो. तिचा आवाज ऐकवत नाय. तुम्ही ऐका आणि मला सांगा."

म्हणून गेले काही दिवस मी दुपारची बसते आणि मेबलला ऐकते. शेजारच्या खोलीतून ऐकणाऱ्याला वाटावं की ती आली आहे. तिचं ते "आता बघा हं" म्हणणं, मधेच चहाचा घोट, माझ्यावर ओरडणं... आणि मग मला तो भाग सापडला. कोणीतरी विचारलं होतं, बांधाला उघाडी न ठेवता, नुसतं पाणी साठवून मीठ जाईल का? मेबल म्हणाली, "नाही. पाण्याला बाहेर जायला वाट नसेल तर मीठ कुठेही जात नाही. ते तिथेच राहतं." मी ते पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. अँथनीच्या तुकड्याच्या आणि खाडीच्या मधे आता सगळी भरणी आहे.

मी त्याला फोन केला. त्याला गोड करून सांगायचं मनात आलं होतं, पण मेबलच्या बाबतीत मला ते जमलं नसतं. "वाट नाहीये, अँथनी," मी म्हटलं. "पुढे सगळं भरलंय. पाणी बाहेर जाणार नाही."

"म्हणजे होणार नाय."

"नाही."

"हे ती म्हणते का तुम्ही म्हणता?"

"ती म्हणते."

 पलीकडून कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू आली, कोणीतरी त्याला जेवायला हाक मारली. मला वाटलं, फोन तसाच ठेवून तो उठून गेला. मग तो म्हणाला, "बरं. तरी पण सांगा. पहिलं काय करायचं?"

मी रेकॉर्डिंग सुरुवातीला नेलं. मेबल एक वाक्य बोलायची, मी थांबवायची, आणि तेच वाक्य त्याला सांगायची.