सहाव्या थांब्यावरून निळ्या दारापर्यंत

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर वाचत आले ते हसायला. आमच्या गाडीला लिंबू-मिरचीसुद्धा नाही. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. एखादा पार्ट रिजेक्ट झाला की तो का झाला, याचं कारण शोधून फॉर्मवर लिहायचं — बावीस वर्षं हेच करतेय. कारणाचा रकाना रिकामा सोडलेला चालत नाही. त्यामुळे हे लिहिताना मला भीती वगैरे वाटत नाहीये… चीड येतेय.

तर, सुधाताई. माझ्या नवऱ्याची, मिलिंदची मोठी बहीण. नाशिकला शाळेत इतिहास शिकवायच्या. यजमान गेल्यावर आठ दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे डोंबिवलीला आल्या, त्याला तेव्हा चार महिने झालेले. माणूस चांगला, पण दर रविवारी त्यांना काहीतरी बघायचं असायचं. आणि रविवार हा माझा आठवड्यातला एकमेव झोपेचा दिवस.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक नकाशा माझ्यापुढे धरला. कल्याण बंदराची पायी सफर. जुन्या इमारतींचं वेड असलेल्या काही तरुण मुलांनी बनवलेला. अकरा थांबे, प्रत्येक थांब्याला एक आकडा. तिथे पोचलं की आकडा दाबायचा आणि माहिती ऐकायची. गाईड नाही, वेळेचं बंधन नाही.

"अगं, इथून परदेशात जहाजं जायची," ताई म्हणाल्या.

"ताई, आता तिथून रिक्षा पण जात नाही."

मिलिंदला नेमकी सोसायटीची मीटिंग निघाली. रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघी दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उभ्या. ताईंच्या मोबाईलचा नेटपॅक संपलेला, म्हणून माझा मोबाईल, स्पीकर फुल्ल.

"नमस्कार मंडळी!" प्रत्येक क्लिपची सुरुवात अशीच. मुक्ता नावाची एक मुलगी, आवाजात एवढा उत्साह की मलाच दम लागायचा. पहिला थांबा, नमस्कार मंडळी. दुसरा थांबा, नमस्कार मंडळी. चौथ्याला जायचा रस्ता नकाशात सरळ होता, प्रत्यक्षात तिथे पत्रे ठोकलेले. वळसा घेऊन आलो. पाचव्याला ताईंनी मुक्ताचं एक वाक्य चुकीचं ठरवलं आणि ते कसं चुकीचं आहे हे मला पंधरा मिनिटं उन्हात उभं करून समजावलं. माझ्या चपलेचा अंगठा चावत होता. पुलावरून ट्रकची रांग, पलीकडे नवे टॉवर, आणि ताई विचारतायत, "इथे गलबतं लागलेली दिसतात का गं डोळ्यांपुढे?"

मला डोळ्यांपुढे फक्त माझी गादी दिसत होती.

सहावा थांबा खाडीच्या काठावर होता. तीन-चार दगडी पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, कडेला एक उलटी घातलेली होडी. मी सहा दाबला. या वेळी नमस्कार मंडळी नाही. आवाज आला तो असा —

"पाण्याकडे पाठ करा. उजव्या हाताची गल्ली. शेवटून दुसरं घर, निळं दार. आत बाई पडलीय. दार तोडू नका. चौकटीवरची फळी सुटी आहे, हात घातला की कडी सापडते."

बस. एवढंच.

"हे काय?" ताई म्हणाल्या.

"काय म्हणजे? मध्येच नाटक घातलंय. हल्ली असं करतात, ट्रेझर हंटसारखं. चला, सातवा कुठाय?"

"अगं, पण बाई पडलीय असं म्हटलंय."

"पडली असेल इतिहासात!"

पण ताई वळल्या होत्या. उजव्या हाताला गल्ली होतीच. खाडीकाठची जुनी वस्ती, जेमतेम दोन माणसं शेजारून जातील एवढी वाट. शेवटून दुसरं घर, दार निळं. माझं डोकं आणखीनच तापलं. लोकांची राहती घरं यांनी खेळात घातली, विचारलं तरी असेल का त्यांना? ताईंनी कडी वाजवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार उघडलं तर सांगायचं काय? अकरापैकी सहावा थांबा?

दार उघडलं नाही. समोर एक बाई कपडे वाळत घालत होती.

"हौसाबाय पाहिजे का? ती नाय. लेकीकडं गेलीय, टिटवाल्याला. परवाच बोलत होती जानार म्हनून."

"मग दाराला कुलूप कुठाय?" ताईंनी विचारलं. शाळेतली सवय.

"मागच्या दारान्‌ जाते ती. कुलूप तिकरं लावते."

झालं. उत्तर मिळालं. मी त्या बाईला सॉरी म्हटलं आणि निघाले. चांगली पंधरा-वीस पावलं गेले. मागे वळून बघते तर ताई तिथेच.

"ताई, चला ना! मला दुपारी कुकर लावायचाय."

"ते परत लाव एकदा."

"काय परत लाव? गेम आहे तो!"

"लाव तर."

त्यांना गप्प करायला म्हणून, तिथेच उभं राहून, मी सहा दाबला.

"नमस्कार मंडळी! तुम्ही आता उभे आहात ते कल्याणच्या जुन्या बंदरावर. इथे पूर्वी होड्या बांधल्या जात…"

मला वाटलं चुकून दुसराच आकडा लागला. पुन्हा दाबला. होड्या. पाच दाबला, सात दाबला. परत सहा. होड्याच. लाकूड कुठून यायचं, डांबर कसं लावायचे. घामाने बोट स्क्रीनवरून घसरत होतं आणि मी मोबाईलवर मोठ्याने चिडत होते, तेवढ्यात ताईंनी हात वर केला. त्यांचा कान दाराला लागलेला.

"वैशाली. इकडे ये. आणि तो बंद कर."

मी बंद केला. गल्लीत शांतता. आणि आतून… टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. फरशीवर भांडं आपटल्यासारखं, पण आपटणाऱ्याच्या हातात जोर नसल्यासारखं.

समोरच्या बाईने हातातला ओला टॉवेल खाली टाकला आणि नवऱ्याला हाक मारली. तो धावत मागच्या दाराकडे जाऊन आला. "भायेर कुलूप नाय, आतून बंद हाय," म्हणाला आणि घरातून पहार घेऊन आला. त्याने पहार उचलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा, तोडू नका! वर फळी सुटी आहे."

त्यांची पाण्याची बादली उलटी घालून मी वर चढले. चौकटीच्या वर लाकडी फळ्या, सगळ्या दारासारख्याच निळ्या रंगवलेल्या. बघून काहीही कळत नव्हतं. पहिली हलली नाही. दुसरी हलली नाही. तिसरी आत सरकली. हात घातला, मनगट सोललं, आणि बोटांना कडी लागली.

आत मोरीपाशी हौसाबाई पडल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, काटकुळ्या. एक पाय भलत्याच कोनात, ओठ फुटलेले, हातात स्टीलचा लोटा. आम्हाला बघून म्हणाल्या, "आधी पानी दे. मंग बघ काय बघाचं त्ये."

शुक्रवारी संध्याकाळी पाय घसरला होता. मोबाईल वर मांडणीवर, हात पोचेना. लेकीला वाटत होतं आई रविवार-सोमवारकडे येईल, शेजाऱ्यांना वाटत होतं आई लेकीकडे गेली. खुब्याचं हाड मोडलेलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टर म्हणाल्या, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं.

टिटवाळ्याहून लेक आली. रडली, आमचे हात धरले. मग शेजारीण तिच्या कानाशी काहीतरी बोलली आणि तिचा चेहराच बदलला.

"तुम्ही आईला कधीपासून ओळखता?"

"ओळखत नाही."

"मग फळीचं कसं माहीत? मला नाही माहीत, मी लहानाची मोठी झाले त्या घरात."

ताई तोंड उघडणार, एवढ्यात मी त्यांचा दंड दाबला. "सुटी दिसली," म्हटलं. धडधडीत खोटं. पण सांगणार काय? पोलिसांनीही नाव-पत्ता घेतला, तिथेही मी तेच सांगितलं. म्हणजे एका बाईचा जीव वाचवून मी चोरासारखी उभी!

पुढचे दोन महिने मी कारण शोधण्यात घालवले. मुक्ताला गाठलं. ती बिचारी घाबरली. "काकू, आम्ही लोकांना कुणाच्या घरात कशाला पाठवू?" तिने सगळ्या मूळ फाइल्स पाठवल्या. सहाव्यात होड्या. ऑफिसमधल्या आयटीच्या मुलाला मोबाईल दिला. त्याने तासभर उलटापालटा केला. त्या वेळी फोन नाही, मेसेज नाही, दुसरी फाइल नाही. मिलिंद म्हणाला, "तुम्ही आतला आवाज आधी ऐकला असणार नकळत. मेंदू रचतो असं."

"खाडीवरून? आणि फळी पण मेंदूनेच सुटी केली का?"

तो पेपर वाचायला लागला.

सगळ्यात वैताग म्हणजे तो आवाज कसा होता, यावर आमच्या दोघींचंच एकमत नाही. ताई शपथेवर सांगतात, वयस्कर पुरुषाचा होता. मी सांगते, मुक्ताचाच होता, फक्त त्यातला उत्साह कुणीतरी काढून घेतल्यासारखा. एकाच स्पीकरवरून एकाच वेळी ऐकलंय आम्ही! यावरून आमची दोन भांडणं झालीत. एक तर गॅसवर दूध ठेवून.

मार्चमध्ये आम्ही हौसाबाईंना भेटायला गेलो. वॉकर घेऊन दारात बसल्या होत्या. या वेळी मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"फळी गेल्या पावसात सुटली," म्हणाल्या. "मी कुनालाच बोल्ले नाय. चोर घुसतील ना."

"मग आम्हाला कुणी सांगितलं असेल?"

"मना काय म्हाईत? मी मोरीन्‌ परलेली." मग वॉकर बाजूला सरकवून म्हणाल्या, "पहिल्या दिवशी हाका मारल्या. कुनी येत नाय म्हटल्यावर लोटा घेतला. तुमी ऐकलं नि आल्या. झालं की."

त्यांना झालं. मला होत नाही. तो थांबा मी त्यानंतर तीनदा एकटीने केलाय, त्याच जागी, त्याच मोबाईलवर. नमस्कार मंडळी. होड्या. डांबर. कारणाचा रकाना अजून रिकामा आहे. तुमच्यापैकी कुणाकडे धड उत्तर असेल तर जरूर लिहा, फक्त 'देवाची कृपा' एवढंच लिहू नका. ते मला बिल्डिंगमधल्या नऊ जणींनी सांगून झालंय.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आवाज कुणाचा होता यापेक्षा मला जास्त छळतात ती माझी पंधरा-वीस पावलं. मी निघाले होते. सगळं स्वच्छ ऐकूनही निघाले होते.

सुधाताई हा किस्सा येईल त्याला सांगतात. भाजीवाल्याला, वॉचमनला, नाशिकला फोनवर. त्या गल्लीपर्यंत आल्या की दर वेळी म्हणतात, "शेजारीण नाही म्हणाली, पण आम्ही दोघी दारातून हललो नाही."

मी आत कांदा चिरत असते. त्यांनी माझ्याकडे बघितलेलं नसतं. मी एकदाही त्यांचं वाक्य दुरुस्त केलेलं नाही.